उजनीच्या मरळीसाठी दोरा, रॉड, रील आणि बेडूक निवडताना

बास माशासाठी दिलेला सल्ला सोलापुरात जसाच्या तसा चालत नाही आणि पूर्ण टाकूनही देता येत नाही. लार्जमाउथ बास हा उत्तर अमेरिकेचा मासा. भीमा-सीनेत तो नाही. पण गवताच्या कडेला, बुडालेल्या खोडाच्या आडोशाला दबा धरून बसायचं आणि डोक्यावरून जाणाऱ्या बेडकावर तुटून पडायचं, ही त्याची रीत आपल्या मरळीचीही आहे. म्हणून बासचं सामान मरळीला बरंचसं लागू पडतं. अडतं ते तीन ठिकाणी. मरळीचा जबडा हाडाचा आणि टणक, तोंडात दात, आणि आपलं पाणी बाभळीच्या काट्यांनी नि जलपर्णीने भरलेलं.

दुकानात शिरल्यावर हात आधी रीलकडे जातो, कारण काचेच्या कपाटात चमकत असतं तेच. मी सगळ्यांना उलट्या क्रमाने जायला सांगतो. कुठल्या पाण्यावर बसणार ते आधी, त्यावरून लुअरचं म्हणजे खोट्या आमिषाचं वजन, वजनावरून दोरा, दोऱ्यावरून रॉड आणि सगळ्यात शेवटी रील. हा क्रम मोडला की पाच ग्रॅमचा लुअर आणि चाळीस ग्रॅमचे लुअर फेकायचा रॉड अशी जोडी घरी येते आणि लुअर पंधरा फुटांवर पडतो.

पाण्याचं सांगायचं तर उजनीचा फुगवटा हे एक पाणी नाहीच. धरण भरतं ११७ टीएमसीच्या आसपास, आणि भरतं ते मुख्यतः पुण्याकडून येणाऱ्या पाण्यावर. पावसाळ्याच्या शेवटी करमाळा तालुक्यात केत्तूर, कुगावकडे पाणी शेतांच्या बांधाला लागलेलं असतं, काठ कडक असतो, गवत आणि वेड्या बाभळी पाण्यात उभ्या असतात. तिथे पंचवीस-तीस फुटांची अचूक फेक पुरते. उन्हाळ्यात कालव्याची आवर्तनं सुटली की तेच पाणी लांब मागे सरकतं आणि मध्ये गाळाचा पट्टा उरतो. वरून वाळलेला, भेगाळलेला दिसतो. पाय ठेवला की गुडघ्यापर्यंत आत. त्या गाळात उतरायचं नाही, म्हणजे मागे उभं राहूनच टाकावं लागतं आणि फेक दुप्पट लांब लागते. एकाच जागेला ऑक्टोबरमध्ये साडेसहा फुटी रॉड सोयीचा आणि मे महिन्यात साडेसात फुटी, तो यामुळेच. एकच घ्यायचा असेल तर सात फुटी.

हिप्परग्याचा एकरुख तलाव उथळ कडांचा, पाणवनस्पतींचा. भीमेवरच्या औज, चिंचपूरसारख्या बंधाऱ्यांखाली मात्र दगड आणि वाहतं पाणी. तिथे मरळीपेक्षा शिवड्याची, म्हणजे मोठ्या तोंडाच्या, दातांच्या शिकारी माशाची शक्यता जास्त, आणि सामान वेगळं लागतं. तलाव-जलाशयांतली मासेमारी ठेक्याने किंवा परवान्याने चालते, त्यामुळे ठेकेदाराला नाहीतर संस्थेला आधी विचारायचं. कंडाळ (पाण्यात उभी सोडलेली) जाळी लावलेली असतील तिथून लांब राहायचं. जाळ्यात अडकलेला तिहेरी गळ सोडवताना जाळंही फाटतं आणि संबंधही.

आता लुअर. मरळीसाठी पहिली खरेदी पोकळ अंगाचा रबरी बेडूक, साडेपाच-सहा सेंटिमीटर लांब, १० ते १५ ग्रॅम वजनाचा. त्याचे दोन गळ पाठीला चिकटून वर वळलेले असतात, त्यामुळे तो जलपर्णीवरून, गवतावरून न अडकता सरकतो. मासा चावला की अंग दबतं आणि गळाची टोकं उघडी पडतात. सगळा खेळ या दबण्यावर आहे. दुकानात बेडूक अंगठा आणि तर्जनीत धरून मधोमध दाबायचा. हलक्या दाबाने पोट पाठीला टेकून दोन्ही टोकं पूर्ण बाहेर आली पाहिजेत. स्वस्त बेडकांचं रबर जाड आणि कडक असतं. दिसायला हुबेहूब, पण मरळीने मारला तरी अंग दबत नाही, गळ तोंडात घुसत नाही, आणि माणूस म्हणतो की हल्ला होतोय पण लागत नाही. दोष नेमका या रबरात असतो.

चांगला बेडूकही पाकिटातून काढून लगेच टाकायचा नसतो. गळाची टोकं अंगात फार रुतून बसलेली असतील तर पक्कडीने दोन्ही टोकं जरा वर उचलायची, एक-दोन मिलिमीटरच. जास्त उचलली तर प्रत्येक फेकीला जलपर्णीचा देठ घेऊन येतो. नंतर टोक नखावर घासून बघायचं: घसरलं तर बोथट, अडकलं तर धार ठीक. मागचे रबरी पाय लांब असतात, ते कात्रीने कापून साधारण पाच सेंटिमीटर ठेवायचे, नाहीतर लहान मरळ नुसते पायच ओढून जाते. लांब फेकायचं असेल तर पोटात शिशाचे एक-दोन छोटे मणी, दोन-तीन ग्रॅमपर्यंत. त्यापेक्षा जास्त घातलं की शेपूट बुडते आणि बेडूक डुलत नाही. दोरा बांधायच्या कडीपाशी बारीक फट असते, तिथून पाणी शिरतं. काही फेकींनंतर बेडूक उलटा धरून पिळला की पिचकारी उडते. फट मोठी असेल तर चिकट गोंदाचा एक थेंब लावायचा, पण गळाच्या दांड्याची हालचाल अडकणार नाही इतकाच.

रंगावर लोक तासन्‌तास बोलतात. माझ्या लेखी तो सगळ्यात शेवटचा मुद्दा. मासा बेडकाकडे खालून बघतो, त्यामुळे पाठीची नक्षी आपल्यासाठी आणि पोटाचा रंग माशासाठी. काळ्या मातीचं गढूळ पाणी आलं की काळा, कारण आभाळाच्या उजेडासमोर त्याची आकृती ठळक दिसते. पाणी निवळलं की पांढऱ्या किंवा पिवळ्या पोटाचा. हे दोन पुरे.

बेडकाखेरीज दोन-तीन गोष्टी डब्यात असाव्यात. गवत विरळ असेल तिथे नऊ-दहा सेंटिमीटरचा मऊ प्लास्टिकचा मासा, पसरट शेपटीचा, ४/० किंवा ५/० आकाराच्या, रुंद वाकाच्या ऑफसेट (डोळ्यापाशी दुमडलेल्या) गळावर, टोक प्लास्टिकच्या पाठीत जेमतेम लपवून. पावसानंतर पाणी गढूळ असताना १० ते १४ ग्रॅमचा स्पिनरबेट, म्हणजे तारेवर फिरतं पातं असलेला लुअर, तोही गोल पात्याचा, कारण गोल पातं जास्त थरथर देतं आणि मासा ती दिसण्याआधी जाणवून घेतो. निवळ पाण्यात लांबट पातं बरं. खोल बुडणारा, तोंडाला प्लास्टिकची चोच असलेला क्रँकबेट बासवाल्यांचा लाडका. उजनीत बुडालेल्या बाभळींमध्ये त्याचे दोन तिहेरी गळ पहिल्या पाच मिनिटांत खोडात जातात. तो बंधाऱ्याखालच्या उघड्या डोहासाठी ठेवावा, आणि तिथेही तिहेरी गळ काढून एकेरी बसवावेत. शिवड्यासाठी १४ ते २० ग्रॅमचा धातूचा चमचाही चालतो.

चिलापीला (तिलापिया) दोन-तीन ग्रॅमचे अगदी बारीक फिरते लुअर लागतात आणि त्यासाठी रॉडही वेगळा, हलका. मरळीच्या रॉडवर ते जमवायला जाऊ नये. कटला, रोहू, मृगळ यांच्यासाठी लुअर घेऊच नका. ते पिठाच्या गोळीचे आणि बुचाचे मासे.

दोरा ठरवताना चूक झाली तर बाकी सगळं वाया. आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या तंगूस, म्हणजे नायलॉनचा एकपदरी दोरा वापरला जातो आणि बुचाच्या मासेमारीला तो उत्तमच आहे. पण तंगूस ताणला जातो. तीस-चाळीस फुटांवर मरळीने बेडूक धरला, तुम्ही झटका दिला, तर अर्धा झटका तंगुसाच्या ताणातच जिरतो आणि हाडाच्या जबड्यात गळ रुतत नाही. शिवाय गळ लागल्या क्षणी मरळ जलपर्णीत डोकं खुपसते. तिला तिथल्या तिथे उपटून वर आणावं लागतं. म्हणून ब्रेडेड, म्हणजे अनेक पदर विणलेला दोरा. तो जवळपास ताणला जात नाही, त्याच ताकदीच्या तंगुसापेक्षा खूप बारीक असतो, पाण्यावर तरंगतो आणि पाणवनस्पतीचे मऊ देठ करवतीसारखे कापत येतो. फ्लुरोकार्बन हा तिसऱ्या प्रकारचा दोरा पाण्यात बुडतो, त्यामुळे तरंगत्या लुअरला तो मुख्य दोरा म्हणून घेतला की बेडकाचं नाक खाली ओढलं जातं.

दोऱ्याची ताकद पौंडात सांगतात, म्हणजे तुटण्याआधी तो किती ओढ सोसतो ते. विरळ गवताला ३० पौंड, दाट जलपर्णीला ४० ते ५० पौंड. पाकिटावरच्या पौंडावर मात्र विसंबायचं नाही. जपानी पद्धतीत पीई नंबर असतो आणि तो जाडी सांगतो: पीई २ म्हणजे साधारण ०.२३५ मिलिमीटर, पीई ३ म्हणजे ०.२८५. स्वस्त दोऱ्यावर ०.२० छापलेलं असतं आणि आत जाडजूड सुतळी निघते. तपासणं सोपं आहे. पेन्सिलीवर वीस वेढे एकमेकांना चिकटवून गुंडाळा, पट्टीने रुंदी मोजा आणि वीसने भागा. सहा मिलिमीटर आली तर दोरा ०.३० चा, मग पाकिटावर काहीही लिहिलेलं असो. दोरा दबून थोडा पसरतो, त्यामुळे हे माप ढोबळ, पण फसवणूक पकडायला पुरेसं. चार पदरी दोरा खरखरीत असतो, रॉडच्या रिंगांतून जाताना आवाज करतो, पण जलपर्णी छान कापतो. आठ पदरी गुळगुळीत आणि लांब जाणारा, घासला की लवकर पिंजतो. काट्याकुट्यांत मी चार पदरीच भरतो.

रीलवर ब्रेडेड थेट बांधला तर गाठ घट्ट असूनही सगळा दोरा चकरीवर गोल फिरतो. मासा ओढतो, ड्रॅग (दोरा किती ओढीला सुटावा ते ठरवणारा रीलचा ब्रेक) घट्ट केला तरी दोरा जातच राहतो आणि माणूस रीलला शिव्या देतो. उपाय असा की आधी पाच-सहा मीटर साधा तंगूस भरायचा, त्याला डबल युनि गाठीने ब्रेडेड जोडायचा. भरताना दोऱ्याच्या रिळात पेन्सिल घालून ते दुसऱ्याने धरायचं, म्हणजे रिळ फिरत राहतं आणि दोऱ्याला पीळ पडत नाही. ओल्या फडक्यात दोरा चिमटीत दाबून ताण द्यायचा. सैल भरलेला ब्रेडेड पहिल्याच जोरदार ओढीला खालच्या थरात रुततो आणि पुढच्या फेकीला अडकून लुअर तुटून उडतो. चकरीच्या काठापासून दीड-दोन मिलिमीटर खाली थांबायचं. काठोकाठ भरलं की एका वेळी तीन-चार वेढे सुटतात आणि पहिल्या रिंगपाशी गुंता होतो. फार कमी भरलं तर दोरा काठाला घासत निघतो आणि फेक आखूड पडते.

लीडरबद्दल, म्हणजे मुख्य दोरा आणि लुअर यांच्यामध्ये जोडायच्या जाड तुकड्याबद्दल, मतं वेगळी आहेत. निव्वळ जलपर्णी असेल तर मी लीडर लावत नाही. ब्रेडेड थेट बेडकाला, पालोमार गाठीने. ब्रेडेडला साधी क्लिंच गाठ मारू नका, ती घसरते. बाभळी, दगड किंवा बुडालेल्या विहिरीचं बांधकाम असेल तर ४० पौंडाचा, अर्धा मीटर लीडर, कारण ब्रेडेड देठ कापतो तसा दगडावर स्वतःही कापला जातो. शिवड्याला ६० पौंडाचा लीडर किंवा एक वीतभर स्टीलची तार. जोडायला एफजी गाठ सर्वांत बारीक, रिंगांतून न अडकता जाते, पण ती काठावर वाऱ्यात बांधायची गोष्ट नव्हे. घरी बसून हात बसवावा. तोवर डबल युनि, ब्रेडेडचे आठ वेढे आणि लीडरचे चार. कुठलीही गाठ ओढण्याआधी थुंकीने ओली करायची. कोरडी ओढली की घर्षणाने लीडर तापतो, तिथे पांढुरका कुरळा पट्टा दिसतो आणि तो नेमका तिथेच तुटतो. असा पट्टा दिसला की कापून पुन्हा बांधायचं.

आता रॉड. त्याच्या दांड्यावर रीलच्या जरा वर बारीक अक्षरांत सगळं छापलेलं असतं आणि ते न वाचता लोक रॉड हवेत झुलवून बघतात. मरळीसाठी लांबी सात फूट, ताकद मीडियम हेवी, अ‍ॅक्शन फास्ट, लुअर १० ते २८ ग्रॅम, दोरा १२ ते २५ पौंडांच्या जवळपास. अमेरिकी रॉडवर वजन औंसात असतं: पाव औंस म्हणजे सात ग्रॅम, एक औंस २८. दोऱ्याचा आकडा तंगूस धरून छापलेला असतो, ४० पौंडी ब्रेडेड त्यावर चालतो, मात्र ड्रॅग मर्यादेत ठेवायचा. फास्ट म्हणजे रॉड वरच्या तिसऱ्या भागात वाकतो आणि खाली ताठ राहतो. झटका लगेच पोचतो. कार्बनच्या रॉडवर आयएम ६, आयएम ७ असे आकडे असतात. त्यांचं सगळ्या कंपन्यांना लागू होणारं एक माप नाही, त्यामुळे दोन कंपन्यांची तुलना त्यावरून करू नका.

दुकानात रिंगा नीट तपासा. आतलं सिरॅमिकचं कडं तडकलेलं असेल तर नुसतं बघून कळत नाही. कान साफ करायची कापसाची काडी प्रत्येक रिंगमधून गोल फिरवायची. कापसाचा तंतू अडकला की तिथे चीर आहे, आणि ती चीर ब्रेडेड कापणार. दोन तुकड्यांचा रॉड जोडल्यावर हलका झटका देऊन कानाजवळ धरा. सांध्यात टकटक ऐकू आली तर तो नको. सांधा सैल होत गेला तर मेणबत्ती घासायची, तेल नाही.

रीलवर फार वेळ घालवू नये. मासेमारी सुरू करणाऱ्याला स्पिनिंग रील, ३००० आकाराचं, गिअर ६:१ च्या आसपास (हँडलच्या एका फेरीला सुमारे सहा वेढे), ड्रॅग आठ किलोपर्यंत जाणारा. शिमानो असो, दायवा असो, दोन कंपन्यांचे ३००० तंतोतंत सारखे नसतात, म्हणून दोऱ्याची क्षमता वाचायची. खोक्यावरच्या बेअरिंगच्या संख्येला भुलू नका. हँडल पुढेमागे हलवून बघा, उलट दिशेला अजिबात ढिलं नको. दोरा ज्यावरून वळतो तो छोटा रोलर बोटाने फिरतो का ते बघा; तो जाम असेल तर ब्रेडेड त्यावर खाचा पाडतो आणि स्वतःही पिंजतो. रॉड, रील, दोरा आणि दोन बेडूक असा चालणारा संच पाच-सहा हजारांत जमतो. पैसे कमी पडले तर रीलवर वाचवा, दोऱ्यावर नको.

बेटकास्टिंग रील, म्हणजे फेकताना जिची चकरी स्वतः फिरते ते, दाट जलपर्णीत ताकदीला सरस, पण ते सात ग्रॅमच्या आतल्या लुअरला कुरकुरतं आणि अंगठ्याची सवय मागतं. लुअर बांधून रॉड आडवा धरा, बटण दाबा. लुअर सावकाश खाली जाऊन जमिनीला टेकताच चकरी थांबली पाहिजे, इतका बाजूचा स्क्रू आवळा. ब्रेक आधी पूर्ण लावा आणि फेक बसत जाईल तसे कमी करा. लुअर पाण्याला टेकण्याआधी अंगठा चकरीवर आलाच पाहिजे. सोलापूरच्या उन्हाळी दुपारच्या वाऱ्यात, तेही समोरून, नवशिक्याने हे रील काढूच नये. हवेत लुअर मंदावतो, चकरी फिरतच राहते आणि हातात गुंतलेल्या दोऱ्याचं घरटं येतं.

ड्रॅग अंदाजाने लावू नका. दोऱ्याचं टोक स्प्रिंगच्या काट्याला अडकवा, रॉड वाकवून ओढा आणि काटा तीन ते साडेतीन किलोवर असताना दोरा सुटायला लागेल असं बसवा. हे ३० पौंडाच्या म्हणजे साडेतेरा किलोच्या दोऱ्याचा साधारण पाव भाग. दाट जलपर्णीत थोडा वाढवावा लागतो.

काठावर गेल्यावर लगेच टाकायचं नाही. मरळ हवेतून श्वास घेते, थोड्या थोड्या वेळाने वर येते, आणि जलपर्णीच्या फटीत ‘चप्’ असा आवाज होऊन एक वर्तुळ उमटतं. बेडूक त्या वर्तुळावर नाही, त्याच्या चार-पाच फूट पलीकडे टाकायचा आणि सावकाश वरून आणायचा, फटीत दोन-तीन सेकंद थांबवत. पाणी फुटलं की हात आवरायचा. रॉडचं टोक खाली, सैल दोरा गोळा, वजन हाताला लागलं की मग पूर्ण ताकदीने झटका. दिसता क्षणी ओढला तर बेडूक तोंडातून निसटून आपल्याच अंगावर येतो. पावसाळ्यात लालसर पिल्लांचा थवा एकत्र वर-खाली करताना दिसला की तिथे लुअर टाकू नये. आई-बाप राखण करत असतात, ते चिडून मारतातही, पण ती जोडी गेली की थवा बाकीच्या माशांच्या पोटात जातो. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत मरळ सुस्तावते. तेव्हा पहाटेची घाई नको, ऊन तापू द्यावं.

घरी आल्यावर दोऱ्याचे पुढचे दोन मीटर बोटांतून ओढून बघायचे. खरखरीत लागला की तेवढा कापून गाठ नवी. बेडूक पिळून, उघडा ठेवून वाळवायचे, नाहीतर गळ आतून गंजतात आणि गंज बाहेर दिसेपर्यंत टोक गेलेलं असतं. मऊ प्लास्टिकचे लुअर ज्याच्या त्याच्या पाकिटातच ठेवा. दोन वेगळ्या जातींचं प्लास्टिक एकमेकांना लागलं की वितळून चिकटतं. एप्रिल-मे महिन्यात डबा गाडीत ठेवला तर तेवढंही लागत नाही, नुसत्या उन्हानेच सगळ्याचा लगदा होतो. रील ठेवताना ड्रॅग पूर्ण ढिला करायचा, म्हणजे आतल्या चकत्या दबून राहत नाहीत. रोलरला तेलाचा एकच थेंब, कारण दोन टाकले तर दुसरा दोऱ्यावर जातो.